चार तारखांचा प्रवास

वर्धा स्टेशनवर उतरून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं, की शहर संपतं न संपतं तोच नालवाडी लागते. कधीकाळी हे शहराबाहेरचं वेगळं खेडं होतं. आता मधली घरांची रांग कुठे तुटत नाही, त्यामुळे आपण नालवाडीत कधी शिरलो ते नवख्याला कळतही नाही. 1932 मध्ये विनोबा इथे राहायला आले आणि नुसत्या सूतकताईवर माणसाचं पोट भरतं का, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासून पाहिलं. इथल्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर मेलेल्या गुरांचं कातडं कमावण्याचं काम करत आणि शिकवत. शेजारच्या दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी महारोग्यांसाठी वसाहत उभी केली. ज्याला हात लावायला माणसं घाबरत, त्याला हात लावायचा कसा, हे शिकून घेणाऱ्यांची ही भूमी. हे सगळं भाच्याला दाखवायचं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला घेऊन मावशीकडे गेलो होतो. पुढचा सगळा प्रवास मात्र गच्चीवरच्या एका वानराने ठरवला.

नोव्हेंबरातली सकाळ होती. विदर्भातली थंडी अजून अंगात शिरत नव्हती. आठच्या सुमाराला गच्चीवर छान कोवळं ऊन यायचं. मावशीने संत्र्यांची टोपली वर आणून ठेवलेली. आंब्या बहाराची ताजी संत्री, साल काढली की बोटांना तेल लागतं ती. सोयाबीन निघून शेतं मोकळी झाली, की वानरांचे कळप वस्तीकडे वळतात, असं मावशी सांगत होती. आणि सांगता सांगताच ते आले. कडुलिंबाची फांदी वाकली, पाण्याच्या टाकीवर धप्प आवाज झाला आणि कठड्यावर सात-आठ काळी तोंडं रांगेने बसली. मोठा हुप्प्या सगळ्यात मागे होता. दोन माद्यांच्या पोटाला पिलं चिकटलेली.

भाचा दहा वर्षांचा. त्याच्या हातात चकली होती. पुण्यात कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने वानर हातातून शेंगा घेतं असा व्हिडिओ पाहिला होता. मी टोपली उचलायला वळलो, तेवढ्यात त्याने हात पुढे केला. एका अर्धवट वाढलेल्या वानराने चकली घेतली, दुसरं त्याच चकलीवर झेपावलं आणि दोघांच्या झटापटीत भाच्याचा हात मध्ये सापडला. सगळं दोन श्वासांत झालं. मनगटाच्या चार बोटं वर दोन लहान खुणा उमटल्या, एकीतून रक्ताचा थेंब आला. भाचा रडलासुद्धा नाही. नुसता हाताकडे बघत राहिला.

"काही नाही होत रे बाप्पा," मावशी म्हणाली, "मारोतीचं वानर हाय ते." आणि हळदीचा डबा आणायला खाली धावली. तिच्या बोलण्यात प्रेमच होतं, आणि तिच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडे वानर म्हणजे मारुतीचं रूप. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी तर 32 एकर जमीन सरकारी कागदावर वानरांच्या नावाने आहे. पण रेबीजच्या विषाणूला श्रद्धा कळत नाही.

शेजारच्या घरातून आशाताई आल्या. गावच्या आरोग्याची कामं करणाऱ्या बाई. आरडाओरडा ऐकून गच्चीवरूनच अलीकडे आल्या. त्यांनी मावशीच्या हातातली हळद बाजूला ठेवली. "मावशी, हळद नको, चुना नको, तिखट तर नकोच नको. आधी नळ सोडा." कपड्याच्या साबणाची वडी घेऊन त्यांनी भाच्याचा हात गच्चीवरच्या नळाखाली धरला आणि मला म्हणाल्या, "घड्याळ लावा. पंधरा मिनिटं."

पंधरा मिनिटं म्हणजे किती, ते हात नळाखाली धरल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला भाचा कंटाळला, पाचव्याला मला वाटलं आता पुरे, सातव्याला मावशी म्हणाली पोराचा हात गारठला. आशाताईंनी हात सोडला नाही. साबणाचा फेस, पाणी, पुन्हा फेस, पुन्हा पाणी. घासायचं नाही, जखम दाबून रक्त काढायचं नाही, नुसतं वाहतं पाणी आणि साबण. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं आणि साबणाने ते फुटतं. म्हणून दवाखान्यात जाण्याआधीचा सगळ्यात मोठा इलाज नळाखाली होतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावलं. पट्टी बांधली नाही. असल्या जखमेला घाईने टाकेही घालायचे नसतात, कारण सुई विषाणूला आणखी आत ढकलते.

इथे वाटेतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती अनेकांच्या वाट्याला येते. आम्ही आधी जवळच्या एका छोट्या दवाखान्यात शिरलो. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "वानराचं आहे ना? कुत्र्याचं नाही ना? मग झालं." मी क्षणभर सुटकेचा श्वास सोडला. आशाताई सोबत होत्या म्हणून आम्ही तिथून परत फिरलो नाही. धनुर्वाताची लस हवीच, पण ती रेबीजवर काडीचं काम करत नाही. दोन्ही गोष्टी सुईतून येतात, म्हणून लोकांच्या मनात त्या एकच होतात. "इंजेक्शन घेतलं" असं सांगणाऱ्याला नेहमी विचारावं, कशाचं घेतलं?

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टर बाईंनी जखम पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ धुतलं?" पंधरा मिनिटं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग भाच्याला समोर बसवून, मोठ्या माणसाशी बोलावं तसं त्यांनी सगळं सांगितलं. कातडीवरून नुसती लाळ लागली आणि कातडी अखंड असेल तर धुणं पुरे. रक्त न येता ओरखडा उठला तर धुणं आणि लस. रक्त आलं, किंवा तोंडाच्या आत, डोळ्यात लाळ गेली, तर धुणं, लस आणि त्याशिवाय जखमेत भरायचं सीरम. भाच्याचा रक्ताचा थेंब एवढासाच, पण तो तिसऱ्या वर्गात गेला.

सीरम कशाला, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. लस दिल्यावर शरीराने स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात विषाणू स्नायूतून नसेत शिरू शकतो आणि एकदा नसेत शिरला की मेंदूच्या दिशेने सरकतो. म्हणून तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोबुलिन, थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. मात्रा वजनावर ठरते; भाच्याला काट्यावर उभं केलं तर 28 किलो भरला. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम असेल तर किलोमागे 40 युनिट, माणसाच्या रक्तातलं असेल तर 20. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिपिंडही आणलेलं आहे. हे छोट्या केंद्रात नेहमी नसतं, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येतं, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. जखमेत सुई जाताना भाचा माझा अंगठा पिळून काढत होता. तेवढं दुखतं, हे खरं आहे. मुलाला आधी "काही दुखणार नाही" असं खोटं सांगू नये.

लस मात्र सोपी. दोन्ही दंडांवर कातडीच्या आत अगदी थोडी, एका जागी एक दशांश मिलिलिटर. सुई बाहेर आली तेव्हा तिथे मुगाच्या दाण्याएवढी पांढुरकी फुगवटी उठली, वरून बारीक खड्डे खड्डे. "संत्र्याच्या सालीसारखं दिसतंय," भाचा म्हणाला. डॉक्टर हसल्या. तसं दिसलं म्हणजे लस बरोबर जागी गेली.

मावशी अजून धास्तावलेली होती. तिच्या डोक्यात पोटातली चौदा इंजेक्शनं होती. तिच्या लहानपणी गल्लीतल्या एका माणसाला ती घ्यावी लागली होती, आणि त्या दुखण्याच्या भीतीने लोक दवाखाना टाळून उताऱ्याला, झाडपाल्याला जात. ती लस डेव्हिड सेम्पलने कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनायची. भारतात ती आता वीस वर्षांहून अधिक काळ बंद आहे. पण तिची भीती अजून घराघरांत शिल्लक आहे आणि अजून लोकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते, पोटात नाही तर दंडावर मिळते, चार तारखांना मिळते: शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवसाची एक भर पडते. हे मी नालवाडीहून परत आल्यापासून भेटेल त्याला सांगत असतो.

"वानराला रेबीज होतो का पण?" मी डॉक्टरांना विचारलंच. क्वचित होतो, पण होतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो. पण पिसाळलेला कुत्रा वानरालाही चावतो, आणि वस्तीत शिरलेलं वानर कुत्र्यांच्या वाटेतच असतं. शिवाय कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवून बघता येतं, त्याला काही झालं नाही तर पुढच्या लसीचा विचार बदलता येतो. वानर कडुलिंबावरून पसार झालं, आता कुठे बघणार? म्हणून वाट बघायची नाही. जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसं या रोगाने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या ताज्या पाहणीवरून वर्षाला 5,700 च्या आसपास. मला यातला आकड्यांपेक्षा एक फरक जास्त अस्वस्थ करतो. लक्षणं दिसायच्या आधी हा रोग हमखास अडवता येतो. पाण्याची भीती, घशाचे झटके सुरू झाले की जवळजवळ कुणीच वाचत नाही. मधला काळ बहुतेकांच्या बाबतीत महिना-दोन-तीन महिन्यांचा असतो. चेहऱ्यावर, बोटांवर चावा असेल तर कमी. इतका वेळ हातात असूनही माणसं जातात, ती केवळ कुणी त्यांना वेळेवर नळाखाली उभं केलं नाही म्हणून.

मूळ बेत नालवाडीत दोन दिवस, मग बोर अभयारण्य असा होता. मी तो फाडून टाकला आणि नवा बेत दवाखान्यात मिळालेल्या लसीच्या कार्डावरच्या तारखांभोवती आखला. सोमवारी पहिली लस, गुरुवारी दुसरी. मधल्या दोन दिवसांत पवनारला धाम नदीकाठी गेलो. गुरुवारी सकाळी लस घेऊन तसेच सेवाग्रामला.

सेवाग्रामच्या बापूकुटीत मी आधीही गेलो होतो, पण या वेळी माझी नजर वेगळ्याच गोष्टीवर थांबली. तिथे ती तीन माकडं आहेत, चिमुकली, सगळ्यांना माहीत असलेली. भाचा त्यांच्यापाशी बराच वेळ उभा होता. मी उभा होतो साप पकडण्याच्या लाकडी चिमट्यापाशी. शेगावचं, म्हणजे आजच्या सेवाग्रामचं, रान तेव्हा सापांनी भरलेलं होतं, 1936 मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हा सापांना मारायचं नाही असं ठरलं. पण म्हणून त्यांना हाताने कुणी उचलत नव्हतं. लांब दांड्याचा चिमटा होता, पकडलेला साप ठेवायला पिंजरा होता. पकडायचं, दूर नेऊन सोडायचं. त्या चिमट्याच्या दांड्याची लांबी मी नजरेने मोजत राहिलो. प्राण्यावर दया करायची तर किती अंतरावरून, हे त्यात कुणीतरी नीट मोजलेलं होतं.

तिथून निघताना मला 1926 चा वाद आठवला. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातली सुमारे 60 भटकी कुत्री मारायला लावली. ती पिसाळतील असं त्यांना भय होतं. शहरात गदारोळ उठला आणि लोक गांधीजींकडे धावले. गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली आणि यंग इंडियात लेखामागून लेख लिहिले. त्यांच्या मते दोष फक्त मारणाऱ्याचा नव्हता. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य मिळवणाऱ्या आणि त्याची जबाबदारी न घेणाऱ्या समाजाचा होता. मारण्याचा त्यांचा उपाय आज आपण स्वीकारणार नाही. आता कुत्र्यांना लस टोचणं हा त्याहून चांगला आणि खात्रीचा रस्ता आहे. पण तुकडा टाकणं ही दया नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला त्या दिवशी पूर्ण पटलं. चकलीचा तो तुकडा भाच्याने प्रेमाने दिला होता. ते वानर मात्र त्यातून एवढंच शिकलं, की माणसाच्या हातात खाणं असतं आणि ते ओढून घ्यायचं असतं. उद्या ते एखाद्या म्हातारीच्या हातातली पिशवी ओढेल, आणि गाव त्याच्यावर दगड घेऊन धावेल.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आश्रमापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्याच आवारात 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय चालतं. खेड्यातल्या माणसाला मोठ्या उपचारासाठी नागपूर गाठायला लागू नये, हा त्यामागचा आग्रह. प्रवासाला निघणाऱ्याने आपल्या वाटेवर असं मोठं रुग्णालय कुठे आहे, हे आधी बघून ठेवावं. हॉटेलचं बुकिंग करताना लागणाऱ्या वेळाच्या एक दशांश वेळ त्याला लागतो.

सातवा दिवस नागपुरात आला. नालवाडीचं कार्ड तिथल्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी त्यावरच पुढची नोंद केली. लस एका गावात सुरू करून दुसऱ्या गावात पुरी करता येते, कंपनी बदलली तरी अडत नाही, एखादी तारीख एक-दोन दिवसांनी हुकली तरी मुळापासून सुरू करायचं नसतं, जिथे राहिलं तिथून पुढे जायचं. लोक परगावी आहोत म्हणून मधल्या लसी सोडून देतात. याला काहीच कारण नाही.

त्याच दुपारी आम्ही रामटेकला गेलो. मला भाच्याची भीती मोडायची होती आणि सवयही बदलायची होती. रामटेकच्या गडावर वानरं असतातच. पायऱ्या चढण्याआधी आम्ही तयारी केली. खाण्याचं काहीही हातात नाही, प्लास्टिकची पिशवी नाही, कारण पिशवीचा आवाज म्हणजे खाऊ हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पाण्याची बाटली पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन बंद. माझा चष्मा दोरीने बांधलेला. भाच्याला एवढंच शिकवलं: वानराच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही, कारण त्यांच्यात दात दाखवणं ही धमकी असते. पिलाजवळ जायचं नाही, पिलाची आई आणि हुप्प्या यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. जवळ आलंच तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. दोन्ही तळहात रिकामे उघडून दाखवायचे आणि हळूहळू बाजूने मागे व्हायचं. पिशवी ओढलीच तर ओढाताण करायची नाही, सोडून द्यायची. पिशवीपेक्षा हात महत्त्वाचा.

चढताना एक हुप्प्या कठड्यावरून आमच्याकडे सरकला. भाचा थांबला. तळहात उघडले, नजर खाली पायरीवर. हुप्प्याने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मान वळवली आणि शेजारच्या बाईच्या प्रसादाच्या पुडीकडे निघून गेला. मी त्या बाईंना म्हटलं, "ताई, पुडी सॅकमध्ये घाला." त्या म्हणाल्या, "अहो, देवाचंच जनावर आहे." मी त्यांना भाच्याचा हात दाखवला. त्यांनी पुडी आत घातली.

काळतोंडं वानर आणि लालतोंडं माकड यांत फरक आहे, हेही प्रवाशाने लक्षात ठेवावं. वर्धा, रामटेक, चिखलदऱ्याकडे बहुतेक काळतोंडी वानरं. माथेरान, महाबळेश्वरकडे लालसर तोंडाची टोपी माकडं, उत्तरेत तीर्थांवर लाल माकडं. ही लहान दिसतात पण जास्त धीट, हातातलं ओढण्यात पटाईत. त्यांच्या कुळातली काही माकडं रेबीजशिवाय बी-विषाणू नावाचा एक नागीणकुळातला विषाणूही बाळगतात. माणसाला तो फारच क्वचित होतो, पण लालतोंड्याने चावलं असेल तर डॉक्टरांना ते वेगळं सांगावं. अशा ठिकाणी महिनोन्महिने राहणाऱ्यांनी, ट्रेकर्सनी, वनात काम करणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी. मग चावा बसला तर दोनच लसी लागतात आणि सीरम लागत नाही. धुणं मात्र तेव्हाही पंधरा मिनिटंच.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही पुण्यात होतो. सोमवार होता, शाळा बुडवून शेवटची लस घेतली. दंडावर पुन्हा संत्र्याची साल उठली, या वेळी भाच्यानेच नर्सला ती दाखवली. जखमेच्या जागी आता दोन फिकट ठिपके उरलेत. मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, कळप अजून येतो, पण फराळाचा डबा आता ती खालीच ठेवते. गच्चीच्या नळाशी तिने साबणाची वडी दोरीने बांधून ठेवलीय. भाच्याचं ते कार्ड, चारही तारखांची नोंद असलेलं, मी त्याच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावलं. पुढे कधी पुन्हा काही चावलं, तर डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच मागावं.